खालच्या मजल्यावरचा सराव

मी मुळातच भित्री. पेठ वडगावच्या बाजारात आईचा हात सुटला की जागच्या जागी उभी राहून भोकाड पसरायचे, आणि आता चाळिशी उलटली तरी कुठं बाहेर निघाले की गॅस बंद केलाय का ते बघायला कोपऱ्यावरून परत येते. नवरा म्हणतो, हिनं भीतीचाच धंदा काढला. त्यात खोटं काही नाही. पॉलिटेक्निकमधली शिकवायची नोकरी सोडून मी जी डबी तयार केली, ती फाउंड्रीतल्या भट्टीवर बसते. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीभोवती तांब्याच्या नळ्यांतून पाणी खेळवलेलं असतं. ते पाणी अडलं, फार तापलं किंवा गळायला लागलं तर भट्टी फुटू शकते. माझी डबी त्या पाण्यावर लक्ष ठेवते आणि बिघाड व्हायच्या आधी मालकाच्या फोनवर भोंगा वाजवते. उचगावच्या बाजूच्या काही कारखानदारांनी ती बसवून घेतली, तीही आधी यथेच्छ चेष्टा करून. एकानं विचारलं होतं, "वैनी, भोंगा वाजला की पळायचं कुणीकडं, तेबी सांगंल का तुमची डबी?"

ही डबी सुचली ती सासऱ्यांमुळं. त्यांना मी मामा म्हणते. मामांची सगळी हयात अग्निशमन दलात गेली. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं घर लहान पण दुमजली. खाली मामांची खोली आणि जुनं स्वयंपाकघर, वर नवरा, मी आणि शाळेत जाणारी मुलगी. जेवणं वर व्हायची. मामा जिना चढून यायचे, पाटावर बसायचे आणि जेवता जेवता असं काहीतरी सांगायचे की आमचा घास घशात अडकावा. फुटलेल्या भट्टीशी गेल्यावर काय दिसलं, हे एकदा त्यांनी आमटी भुरकत भुरकत सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांसमोरून पुढं कितीतरी दिवस ते हलेना, आणि मग डबीचं डोक्यात आलं. मामा आगीला भीत नसत आणि मी काडी ओढतानाही हात लांब धरते, तरी आमचं दोघांचं छान जमायचं. भांडणं झाली तर ती आमटीत तिखट किती यावरून.

कॅनडाचं निघालं ते या डबीपायी. नवा उद्योग काढायला येणाऱ्यांसाठी तिथं वेगळा व्हिसा होता. आधी तिकडच्या एखाद्या मान्यता असलेल्या संस्थेनं तुमची कल्पना पारखायची, तिनं पाठिंब्याचं पत्र दिलं की मग सरकारकडं अर्ज. तिकडं राहणाऱ्या एका मैत्रिणीनं माहिती पाठवली आणि बघू तरी म्हणून मी संस्थेला लिहिलं. मुलाखती व्हिडिओवर झाल्या. मागं भिंतीला स्वच्छ चादर लावून, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत मी भट्टी, पाणी आणि भोंगा इंग्रजीत समजावून सांगत होते. मामांना सांगितलं होतं की पुण्याच्या एका कंपनीशी बोलणं चाललंय. पत्र आलं तेव्हा मला फार आनंद झाला. माझ्या हातानं केलेल्या वस्तूला सातासमुद्रापलीकडं कुणीतरी भाव दिला होता. पण तो आनंद चहा निवेपर्यंत टिकला, आणि मग भीती सुरू झाली.

व्हिसा नाकारलेल्यांचे फोनवर गट असतात. मी अशा दोन गटांत शिरले आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. रोज कुणीतरी लिहायचं की आम्हाला नकार आला. व्यवसाय खरा वाटत नाही, नुसता देश सोडायला काढलेला दिसतो, असं अधिकाऱ्याचं मत पडलं. मी ते वाचायचे आणि माझ्या डबीकडं संशयानं बघायचे. ती खरी वाटत असेल का? आपल्या नावापुढं गूगलवर काय दिसतं? पॉलिटेक्निकच्या जुन्या स्नेहसंमेलनात नाचतानाचा फोटो कुणी टाकलाय, तो त्या अधिकाऱ्यानं पाहिला तर? भाकरी थापता थापता पिठाच्या हातानं मेल बघायची सवय लागली. फोनच्या काचेवर कायम पीठ असायचं.

आणि या सगळ्यात मामांना काही सांगितलेलं नव्हतं. त्या अर्जाच्या हिशेबात कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. आईवडिलांना सोबत नेता येत नाही. पुढं कधीतरी, आपण तिथं रुजलो की, त्यांना भेटीला बोलवायची सोय असते. 'आधी मिळू तर दे, मग सांगू,' असं नवरा म्हणायचा, आणि मीही मान डोलवायचे, कारण मला तेच ऐकायचं असायचं. मामा रागावतील याची भीती नव्हती. ते काहीच बोलणार नाहीत, याची भीती होती.

अर्जासाठी पोलिसांचा दाखला लागतो. चौकशीला हवालदार आले तेव्हा मामा रंकाळ्यावर फिरायला गेले होते, एवढं नशीब. शेजारच्या कुणाची तरी सही हवी होती. नवऱ्यानं गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या तरुण मंडळाच्या अध्यक्षाला बोलावलं. अध्यक्ष नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. तरुण मंडळाचा अध्यक्ष म्हणायचं, पण केस माझ्या नवऱ्याइतकेच पिकलेले. त्यानं सही केली, हवालदारांना चहा पाजला, आणि कुणाला बोलू नको असं नवऱ्यानं सांगितल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी काय बोलतोय व्हय कुणाला?"

बोलला नाही खरंच. त्यानं बोर्ड लावला.

कोल्हापुरात कुणाचा वाढदिवस असो, कुणाची शिपाई म्हणून भरती होवो, चौकात डिजिटल बोर्ड लागल्याशिवाय ते झालं असं कुणी मानत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीला शाळेच्या रिक्षात बसवायला गेले तर चौकात माझा नवरा पुरुषभर उंच उभा. डोक्याला फेटा, डोळ्यांवर गॉगल. हा फोटो मावसदिराच्या लग्नातला. मागं धबधबा, वर विमान. खाली लिहिलं होतं, 'आमचे परममित्र यांची कॅनडा येथे मोठ्या कंपनीत उच्च पदावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्याखाली मंडळातल्या झाडून सगळ्यांचे फोटो. माझं नाव कुठंच नव्हतं. मुलगी म्हणाली, "आई, पप्पा केवढे मोठे दिसायलेत."

अर्जात मी लिहिलं होतं की मी माझा उद्योग उभा करायला चाललेय आणि नवरा माझ्यासोबत येतोय. इथं नवऱ्याला नोकरी लागलेली आणि उद्योगाचा पत्ताच नाही. घरी येईपर्यंत बोर्डाचा फोटो पेठेतल्या सगळ्या गटांवर फिरला होता. मंडळाच्या फेसबुकवर तर नवऱ्याचं पूर्ण नाव, गल्लीसकट. तिकडचा अधिकारी बारीक चष्मा लावून नेमकं हेच वाचतोय, असं चित्र मला दिसत होतं. मी तशीच अध्यक्षाकडं गेले.

"नोकरी कुठली आली भावजी? आणि अजून काहीच मिळालेलं नाहीये."

"मिळंल की. बोर्ड लागलाय म्हंजे मिळतंय."

"पण नोकरी का लिहिलं?"

"वैनी, नोकरी म्हटलं की लोकांस्नी लगीच कळतंय. ते स्टार्टअप का काय ते, कुणाच्या टकुऱ्यात शिरायचं?"

"तेवढा उतरवा बघू. हात जोडते."

तो खरोखर दुखावला. म्हणाला, "अभिनंदनाचा बोर्ड दिवस भरायच्या आत उतरवत न्हाईत. अपशकुन असतोय. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." फेसबुकवरचा फोटो तेवढा काढला, तोही बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर. तोपर्यंत उचगावच्या एका कारखानदाराचा फोन येऊन गेला होता. "म्याडम, तुमी निघालाय म्हणं. मग भोंगा वाजला तर आमी फोन कुणाला करायचा?" मी परोपरीनं समजावलं, तरी त्यानं डबी काढून ठेवली. गिऱ्हाईकं अशी गळाली तर उद्योग खरा आहे हे कशावर दाखवायचं, या नव्या भीतीनं मी घरात येरझाऱ्या घालू लागले.

मामांचा विचार मनात आला तो नंतर. हे लिहितानाही बरं वाटत नाही, पण तसंच झालं. ते सकाळी कट्ट्यावर, म्हशी समोरच पिळून देतात तिथं, धारोष्ण दूध प्यायला जातात आणि घरचं दूध घेऊन येतात, आणि कट्टा चौकातच आहे. मी येरझाऱ्या घालत असतानाच ते जिना चढून वर आले, किटली ओट्यावर ठेवली, तांब्यातलं पाणी प्यायले.

"बोर्ड बघून आलो," ते म्हणाले. "फोटो चांगला आलाय पोराचा."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "दूध तापव आधी. नासंल." आणि खाली निघून गेले. जेवायला नेहमीसारखे वर आले, नेहमीसारखे जेवले, फक्त गोष्ट काही सांगितली नाही. नवरा त्यांच्याकडं बघत नव्हता. पुढचे काही दिवस असेच गेले. घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, आणि आमच्या घरात ही गोष्ट फार विचित्र, कारण आम्ही मीठ मागतानासुद्धा शेजाऱ्यांना कळेल असं मागतो.

मग एका रविवारी मामांनीच आम्हाला खाली बोलावलं. त्यांनी जुनं स्वयंपाकघर झाडून पुसून ठेवलं होतं. ओट्यावर छोटी शेगडी, दोन पातेली, एक ताट, एक वाटी.

"कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, "आबा, अजून काही नक्की नाही. सांगणारच होतो तुम्हाला."

"ते ऱ्हाऊ दे. निघाला तर मी हितं एकटा. बरोबर?"

"आम्ही कुणाला तरी बघून ठेवू. बाई मिळेल सोबतीला."

"बाई-बिई नगं. मला जमतंय का न्हाई ते आधी बघाया पायजे. जमतंय म्हणून समजून चालायचं आणि ऐन टायमाला न्हाई जमायचं, असलं काम मी केलं न्हाई कधी." मग त्यांनी ठरवलेलं सगळं सांगून टाकलं, ड्युटीवरच्या माणसांना सांगावं तसं. आजपासून आम्ही गेलो असं धरायचं. जिन्याचं दार बंद, आमच्या बाजूनं कडी. आम्ही मागच्या बाजूच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करायची. खाली यायचं नाही, हाक मारायची नाही, भाजीची वाटी पाठवायची नाही. रविवारी व्हिडिओवर फोन करायचा, अधेमधे वाटलं तर साधा फोन करायचा, जसा तिथून करणार तसा. आणि मधेच कुणी दार उघडलं तर सराव मोडला, पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "मामा, हे काय खेळ मांडलेत?"

"खेळ न्हवं. आमच्या दलात सरावाला जखमी म्हणून झोपवलेला गडी तहान लागली तरी उठून पाणी पीत नव्हता. उठला तर सराव कसला ऱ्हायला?"

दार बंद झालं. नवऱ्यानं कडी घातली, आणि मी म्हटलं, दोन दिवसांत कंटाळतील.

ते कंटाळले नाहीत. मी मात्र कानांनी जगायला लागले. खाली कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं. कपबशीचा आवाज, खोकला, रेडिओच्या बातम्या, कडी काढल्याचा आवाज. जरा वेळ काही ऐकू आलं नाही की मी हातातलं काम टाकून जिन्याच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. एकदा तर फरशीला कान लावून पडले होते आणि मुलगी शाळेतून येऊन दारात उभी. "मी जाऊ काय खाली? मी काय बोलत न्हाई, नुसता बसतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी स्वतःला 'आलो-गेलो'च म्हणतात. मी तिला नाही म्हटलं. तिनं रडायचं तोंड केलं आणि दप्तर आपटलं.

रविवारचा फोन तर विचारू नका. आम्ही तिघं पलंगावर ओळीनं बसायचो आणि पायाखालच्या मजल्यावर फोन लावायचो. मामा चष्मा पुसून, शर्टाची गुंडी लावून तयार बसलेले असत. त्यांचा आवाज फोनमधून यायचा आणि जिन्यातूनही यायचा, जरा मागंपुढं. "तिकडं किती वाजलं?" ते विचारायचे. नवरा नुसता घड्याळात बघायचा. मुलगी पहिल्यांदा हसली होती. नंतर तीही हसेना. "थंडी हाय काय लई?" असं ते विचारत, आणि बाहेर उन्हानं पत्रे तडतडत असत. मी दर वेळी विचारायचे, "तब्येत कशी आहे मामा?" त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "बरं हाय."

मी दोनदा सराव मोडला. एकदा खालून करपल्याचा वास आला तेव्हा कडी काढून धावले, तर ते शांतपणे पातेलं घासत होते. "कॅनडात वास येतोय व्हय?" त्यांनी विचारलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरावर पुन्हा नव्यानं खूण केली. दुसऱ्यांदा ते न्हाणीघरातून फार वेळ बाहेर आले नाहीत म्हणून मी गेले. तेव्हा मात्र ते चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. "तुला जायाचं हाय का न्हाई? मग मला शिकू दे की." ते साखरेचे आजारी, पाऊणशे वयाचे, आणि शिकू दे म्हणत होते. मी त्यांच्यासाठी एक बटण करून देते म्हटलं, गळ्यात घालायचं, दाबलं की माझ्या फोनवर भोंगा. ते जरा विचार करून म्हणाले, "भोंगा वाजवून बोलवायचं कुणाला? येणाराच कोण न्हाई तर तुला भ्या दाखवून काय उपयोग?" मी वर आले, नवऱ्यानं कडी घातली.

त्या दिवशी दुपारी मेल आला. तिघांनी ठरलेल्या डॉक्टरांकडं जाऊन वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असं पत्र. म्हणजे अर्ज पुढं सरकला होता. गटावरचे लोक सांगत की हे पत्र आलं की अर्धं काम झालं. नवरा ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि मी टेबलाशी बसून ते पुन्हा पुन्हा वाचत होते. तेवढ्यात खाली काहीतरी पडलं. भांडं पडल्याचा आवाज, आणि त्याच्यापाठोपाठ दुसरा, जड.

मी जिन्याच्या दाराशी गेले. कडीला हात घातला. खालून हूं नाही की चूं नाही. माझं काळीज नुसतं उडत होतं. पण करपलेल्या वासाच्या वेळीही ते असंच उडालं होतं, न्हाणीघराच्या वेळीही, आणि दोन्ही वेळा मामा धडधाकट उभे होते. आता पुन्हा उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तो चढलेला आवाज. मी कडी सोडली आणि फोन लावला. साधा फोन करायची मुभा होतीच की.

खाली रिंग वाजली. बराच वेळ वाजली. मग त्यांनी उचलला.

"मामा, काय पडलं?"

"पातेलं."

"तुम्ही बरे आहात ना?"

"बरं हाय."

आवाज नेहमीचाच होता. जरा दमलेला वाटला, पण दुपारची वेळ, झोपेतून उठले असतील. मी पत्र आल्याचं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "झाक झालं." मी फोन ठेवला आणि मला खरोखर हायसं वाटलं. चहा टाकला. नवऱ्याला पत्राचं कळवलं. तपासणीला कुठले कागद न्यायचे ते शोधत बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी दाराशी जाऊन उभी राहिले नाही.

मुलगी शाळेतून आली ती मागच्या जिन्यानं धापा टाकत. गल्लीतून येताना ती रोज आजोबांच्या खिडकीतून डोकवायची, हे मला माहीत नव्हतं. "आई, आजोबा फरशीवर पडलेत. मी खिडकीतनं बघितलो. उठा म्हटलो तर म्हणाले, गप वर जा, आईला सांगू नको."

मी कडी काढली की दार तोडलं, आठवत नाही. मामा खुर्चीपाशी कुशीवर पडले होते. एक पाय नको तसा वळलेला. सांडलेलं पाणी त्यांच्या सदऱ्यात मुरलं होतं. ओठ पांढरे पडलेले. फोन हाताशीच होता. तो फोन उचलायला ते ओट्यापासून खुर्चीपर्यंत सरपटत गेले असणार, कारण पाणी तिथवर फरफटलेलं होतं. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओरडले. हो, आजारी, पडलेल्या माणसावर मी ओरडले.

"मी वर होते ना मामा. फोनवर का नाही सांगितलंत?"

त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावर वेदना होती, पण त्याहून जास्त, मी भलतंच काही विचारल्यासारखा वैताग होता. "तू हितं न्हाईस असं धरून चाललोय की," ते म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. मंडळाच्या पोरांनी त्यांना अलगद खाटेवर घेतलं आणि खाटेसकट उचलून गाडीत घातलं, अध्यक्ष स्वतः दवाखान्यात बाकावर बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, साखर उतरून चक्कर आली असावी, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. नवरा कॉरिडॉरमध्ये भिंतीकडं तोंड करून उभा होता. मला म्हणाला, "तू फोन केला होतास तेव्हा ते पडलेले होते?" मी हो म्हटलं.

तपासणीची मुदत संपायच्या आत आम्ही तिघांनी ती करून घेतली. मामांनीच लकडा लावला. मी तिथं श्वास रोखून एक्सरे काढून घेतला आणि मनात म्हणत होते, माझ्यातच काहीतरी खोट निघू दे. काही निघाली नाही. आधी मला नकाराची भीती वाटायची. आता मेलचा आवाज झाला की होकार तर नसेल ना, म्हणून फोन पालथा घालून ठेवायचे. आणि होकारच आला. मी तो मामांना त्याच दिवशी सांगितला. या वेळी बोर्डाच्या आधी.

ते खालच्या खोलीत खाटेवर बसले होते, शेजारी वॉकर. जिन्याचं दार आता सताड उघडं असतं. त्यांनी हात जोडून देवाकडं बघितलं, मग विचारलं, "तिकिटं कवाची?"

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, "मामा, एक विचारते. खरं सांगायचं. आम्ही गेलो आणि तुम्ही परत पडलात, आणि मी तिकडून फोन केला, तर सांगाल मला?"

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. माझ्याशी ते कधी खोटं बोलले नव्हते, त्या एका फोनवर सोडून, आणि तोही त्यांच्या लेखी खोटेपणा नव्हता.

"न्हाई," ते म्हणाले. "सांगून तू तिथनं काय करणार हायस, पोरी?"

तिकिटं अजून काढलेली नाहीत.